पदवी, दीक्षान्त आणि नोंदणी : पाटी लावण्यापूर्वी

आपल्या जिल्ह्यातील एका तरुण वैद्याने दीक्षान्त समारंभात पदवी स्वीकारतानाचे छायाचित्र मोठे करून चिकित्सालयाच्या दर्शनी भिंतीवर लावले होते. तालुक्याच्या बोगस डॉक्टर शोध समितीचे सदस्य आले, त्यांनी छायाचित्राकडे एकवार पाहिले आणि नोंदणी प्रमाणपत्र मागितले. ते नव्हते. अर्ज करावयाचाच राहून गेला होता. परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण, आंतरवासिता पूर्ण, पदवी हाती. तथापि कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी तो अनधिकृत व्यवसायी ठरत होता. पुढे कागद आले, प्रकरण मिटले. पण मधल्या काळात दार बंद ठेवावे लागले आणि गावात जी कुजबुज व्हायची ती झालीच. "एवढ्या मोठ्या समारंभात पदवी मिळाली, मग आणखी राहिले काय?" असा प्रश्न त्याच्या वडिलांनी आम्हांस विचारला. प्रश्न रास्त आहे. तो विचारणारे पालक पुष्कळ आहेत आणि, सांगावयास संकोच वाटतो, काही औषधालयधारकही आहेत. म्हणून हा प्रपंच.

विद्यार्थ्याचा वैद्य होण्याचे टप्पे वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक टप्प्याचा दाखला वेगळ्या संस्थेकडून मिळतो. पहिला टप्पा अभ्यासक्रमाचा. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार बी.ए.एम.एस. हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. प्रत्येकी अठरा महिन्यांची तीन व्यावसायिक वर्षे आणि त्यानंतर बारा महिन्यांची आंतरवासिता, अशी त्याची मांडणी आहे. परीक्षेस बसण्यासाठी पंचाहत्तर टक्के उपस्थिती लागते. उत्तीर्ण होण्यासाठी लेखी व प्रात्यक्षिक या दोहोंत स्वतंत्रपणे पन्नास टक्के गुण लागतात. आपल्यातील ज्येष्ठ वैद्यांना तीन वर्षांची ही मांडणी ओळखीची वाटेल, कारण १९८९ च्या नियमांत ती अशीच होती. मध्यंतरी २०१२ मध्ये तिचे चार भाग झाले आणि आता ती पुन्हा तीनांवर आली. अभ्यासक्रम असा फिरून मूळ पदी येतो, याची आम्हांस गंमत वाटते.

अंतिम वर्षाचा निकाल लागला की घरी पेढे वाटले जातात. परंतु तेथे पदवी मिळत नाही. आंतरवासिता हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे आणि ती पूर्ण झाल्याचा दाखला महाविद्यालयाने दिल्याखेरीज विद्यापीठ पदवी देत नाही. या काळासाठी परिषदेकडून जी तात्पुरती नोंदणी मिळते, तिचा अधिकार केवळ प्रशिक्षणापुरता असतो. विद्यापीठाकडून येते ते तात्पुरते पदवी प्रमाणपत्र. दोन्ही कागदांवर 'तात्पुरते' हा एकच शब्द असल्याने गोंधळ होतो. तात्पुरत्या नोंदणीवर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रावरही करता येत नाही.

व्यवसायाचा अधिकार देते ती महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची कायम नोंदणी. महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स अॅक्ट, १९६१ याच्या कलम ३३ प्रमाणे नोंदणीविना चिकित्सा करणे हा गुन्हा असून त्यास कारावास व दंड अशी दोन्ही प्रकारची शिक्षा सांगितली आहे. या नोंदणीचे ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागते, हेही काही जुन्या वैद्यांच्या ध्यानातून जाते. आता या क्रमात आणखी एक पायरी येऊ घातली आहे. आयोगाच्या २०२० च्या अधिनियमात राष्ट्रीय निर्गम परीक्षेची, म्हणजे 'नेक्स्ट'ची तरतूद असून २०२१-२२ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून ती लागू होईल असे आयुष मंत्रालयाने जाहीर केले आहे. त्या वर्षीचा वा नंतरचा उमेदवार समोर असेल तर त्याच्याशी बोलताना ही गोष्ट अवश्य विचारावी.

हा क्रम आधुनिक शासनाने लादलेला आहे, असे म्हणणारे काही वैद्यबंधू आम्हांस भेटतात. त्यांनी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील विशिखानुप्रवेशनीय अध्याय पुन्हा काढून पाहावा. तंत्राचे अध्ययन झालेले, अर्थाचा विचार झालेला, कर्मे पाहिलेली, स्वहस्ते अभ्यास केलेला, शास्त्र सांगता येण्याजोगे झालेले आणि या सर्वांनंतर राजाची अनुज्ञा. मग वैद्याने व्यवसायाच्या मार्गावर पाऊल ठेवावे, असा तेथील क्रम आहे. त्याच्याच आधीचा अध्याय योग्यासूत्रीय. कोहळा, दुध्या भोपळा यांवर छेदनाचा सराव करावयास तेथे सांगितले आहे. आजची आंतरवासिता म्हणजे हीच योग्या आणि नोंदणी म्हणजे हीच राजानुज्ञा. एक नाही तर दुसरे अपुरे. केवळ शास्त्र अथवा केवळ कर्म जाणणाऱ्यास सुश्रुताने एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रोवणीच्या दिवसांत तापाचे आणि सर्पदंशाचे रुग्ण येतात, ते पाहण्याऐवजी केवळ स्वाक्षऱ्या गोळा करून वर्ष संपविणाऱ्यांना ही उपमा नेमकी लागू पडते.

मग दीक्षान्ताचे स्थान काय? समारंभाने अधिकार उत्पन्न होत नाही आणि समारंभास न गेल्याने तो उणावतही नाही. अनुपस्थितीत घेतलेली पदवी तेवढीच ग्राह्य असते. भंडाऱ्याहून नाशिक सुमारे सातशे किलोमीटर. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करावा लागतो आणि आईवडील बरोबर असतील तर खर्च दुप्पट-तिप्पट होतो. ज्या घरात धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहिली जाते, तेथे हा विचार क्षुल्लक नाही. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी आपल्या भागातील पदव्या नागपूर विद्यापीठाच्या असत. सकाळी निघून सायंकाळी घरी परतता येई. तरीही आमचे मत असे की, शक्य असल्यास एकदा जावे. विद्या समाप्त होते तेव्हा वैद्याचा नवा जन्म होतो, असे चरकाने मानले आहे. त्या जन्माला आईवडील साक्षी असावेत ही इच्छा अनाठायी नाही. ज्यांना जाणे जमत नाही, त्यांचा सत्कार आपल्या संघटनेने भंडाऱ्यातच करावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. मात्र सत्कार नोंदणी क्रमांक मिळाल्यावर व्हावा.

औषधालयधारकांसाठी थोडे स्वतंत्रपणे. आयुर्वेदीय औषधांच्या केवळ विक्रीस परवाना लागत नाही, निर्मितीस लागतो. औषधे नियम, १९४५ यांनुसार निर्मिती पात्र तांत्रिक व्यक्तीच्या पूर्णवेळ देखरेखीखाली व्हावी लागते. अशी नेमणूक करताना अथवा दुकानालगतची खोली वैद्यास देताना मूळ पदवी आणि नोंदणी प्रमाणपत्र ही दोन्ही पाहावीत, नूतनीकरणाची तारीख वाचावी आणि छायाप्रत संग्रही ठेवावी. समारंभाचे छायाचित्र पाहून समाधान मानू नये. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींच्या पदवीवर व नोंदणीवर वेगवेगळी नावे असू शकतात; तेथे राजपत्रातील नावबदल किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडून घ्यावा. १ मे १९९९ पूर्वीच्या कागदांवर गोंदिया, तिरोडा, आमगाव येथील पत्त्यांपुढे 'जि. भंडारा' असेच आढळेल. तो दोष नव्हे, गोंदिया जिल्हा त्या दिवशी वेगळा झाला.