अंधेरीच्या डगआउटमधले सात जण

मेट्रोच्या आझाद नगर स्थानकावर उतरून वीरा देसाई रस्त्याला लागलं, की शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल येतं. महापालिकेच्या या संकुलातलं फुटबॉल मैदान म्हणजे मुंबई सिटी एफसीचं घर. मैदान लहान आणि गॅलऱ्या जवळ, त्यामुळे संघाचं बरंवाईट प्रेक्षकांना हाताच्या अंतरावरून दिसतं. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या दहा हंगामांत या क्लबच्या डगआउटमध्ये सात मुख्य प्रशिक्षक उभे राहिले. या सात जणांची येजा नीट पाहिली, तर प्रशिक्षक बदलताना संघ कधी मोडतो आणि कधी पुढे जातो, हे कळतं.

क्लब स्थापन झाला २०१४ साली. मालक होते अभिनेता रणबीर कपूर आणि सनदी लेखापाल बिमल पारेख. पहिले दोन हंगाम घरचे सामने नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. पहिला प्रशिक्षक इंग्लंडचा माजी मध्यरक्षक पीटर रीड. आठ संघांत मुंबई सातवी आली. पुढच्या वर्षी फ्रान्सचा निकोला अनेल्का खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही जबाबदाऱ्यांवर होता. संघात सुनील छेत्री होता, त्याने हॅटट्रिकही केली. तरीही फातोर्ड्याला गोव्याने मुंबईवर सात गोल चढवले आणि हंगाम सहाव्या स्थानावर संपला.

दोष एकट्या प्रशिक्षकांना देता येत नाही. त्या काळात लीग जेमतेम अडीच-तीन महिन्यांची असे. परदेशी खेळाडू तेवढ्यापुरते येत आणि हंगाम संपला की निघून जात. प्रशिक्षकाला संघाची ओळख पटेपर्यंत निम्मे सामने उरकलेले असत. नव्या माणसाच्या हाती दरवर्षी कोरी पाटी यायची.

२०१६ साली संघ अंधेरीत आला आणि त्याच वर्षी आले अलेक्झांद्रे गिमाराइश. दोन विश्वचषकांत कोस्टा रिकाच्या संघाला मार्गदर्शन केलेले हे गृहस्थ. त्यांच्या हाताखाली, उरुग्वेच्या दिएगो फोर्लानला घेऊन, मुंबई साखळीत पहिली आली; उपांत्य फेरीत मात्र कोलकात्याने वाट अडवली. पुढच्या हंगामात संघ पुन्हा सातवा. मग पोर्तोचे माजी कर्णधार जॉर्ज कोस्टा आले. २०१८–१९ मध्ये त्यांनी संघ उपांत्य फेरीत नेला, पण तिथे अंधेरीतच गोव्याने ५–१ ने हरवलं. त्यानंतरच्या हंगामात संघ पाचवा राहिला आणि कोस्टा गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

खरा बदल नोव्हेंबर २०१९ मध्ये झाला. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईतला ६५ टक्के हिस्सा घेतला. जगभर क्लब असलेल्या या समूहाची खेळण्याची एक रीत आहे: चेंडू आपल्याकडे ठेवायचा, गोलरक्षकापासून तो रचत न्यायचा आणि गमावला तर लगेच हिसकावून घ्यायचा. त्या रीतीत बसणारा प्रशिक्षक शोधायला फार लांब जावं लागलं नाही. स्पेनचा सर्जिओ लोबेरा एफसी गोव्यात तेच खेळवत होता. तो आला, आणि अहमद जाहूह, मुर्तादा फाल, ह्यूगो बूमूस, मंदार राव देसाई हे त्याच्या हाताखाली तयार झालेले खेळाडूही मुंबईत आले. २०२०–२१ चा हंगाम करोनामुळे पूर्णपणे गोव्यात, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर झाला. मुंबईने साखळीची शिल्ड जिंकली आणि १३ मार्च २०२१ रोजी बिपिन सिंगच्या ९०व्या मिनिटाच्या गोलवर एटीके मोहन बागानला २–१ ने हरवून अंतिम सामनाही. एकाच हंगामात दोन्ही मान मिळवणारा हा पहिला संघ.

सात महिन्यांत लोबेरा गेला. समूहाच्याच चीनमधल्या क्लबने त्याला नेलं, तेही हंगाम तोंडावर आलेला असताना. त्याच्या जागी आला ३६ वर्षांचा डेस बकिंगहॅम, समूहाच्याच मेलबर्न सिटीचा सहायक प्रशिक्षक. पहिल्या वर्षी संघ पाचवा आला, तरी क्लबने धीर सोडला नाही. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या अल कुवा अल जाविया संघाला मुंबईने हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. त्यापुढच्या हंगामात सलग १८ सामने अपराजित राहून ४६ गुणांनी शिल्ड पुन्हा आली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बकिंगहॅमला त्याच्या जन्मगावच्या ऑक्सफर्ड युनायटेडने बोलावलं. ऐन हंगामात प्रशिक्षक जाणं याहून अवघड परीक्षा नसते. काही दिवस सहायक अँथनी फर्नांडिस यांनी कारभार सांभाळला आणि डिसेंबरात पेत्र क्रात्की हा चेक प्रशिक्षक आला, तोही मेलबर्नहूनच. जानेवारीत ग्रेग स्टुअर्टसारखा खेळाडू सोडून गेला. शिल्ड शेवटच्या सामन्यात, एका गुणाने हुकली. पण ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, मोहन बागानच्याच घरी, मुंबईने ३–१ ने चषक जिंकला. त्या दिवशीही बिपिन सिंगने गोल केला. तीन वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन अंतिम सामन्यांत प्रशिक्षक वेगळे होते. बिपिनला मात्र नव्याने खेळायला शिकावं लागलं नाही. प्रशिक्षकाबरोबर खेळण्याची रीत गेली नाही, म्हणून हे जमलं.

याच शहराने याची उलटी बाजूही पाहिली आहे. खालिद जमील २००९ पासून सात वर्षं मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. कूपरेजवर खेळणारा हा क्लब फार श्रीमंत नव्हता, पण आय-लीगमध्ये तग धरून होता. २०१६ मध्ये खालिद बाहेर पडले आणि मिझोरमच्या ऐझॉल एफसीला गेले. पुढच्याच हंगामात ऐझॉल विजेता ठरला, मुंबई एफसी तळाला गेला आणि बंद पडला. त्या क्लबची रीत एका माणसात साठलेली होती. माणूस गेला तेव्हा मागे काही उरलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हेच खालिद जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

म्हणून अंधेरीच्या क्लबपुढचं काम मला स्पष्ट दिसतं. परदेशातून तयार रीत आणता येते, हे या क्लबने चषकांनी सिद्ध केलं. आता ती रीत इथल्या माणसांच्या हाती यायला हवी. सातही मुख्य प्रशिक्षक परदेशी होते. भारतीय सहायकाच्या वाट्याला मधले काही दिवस आले. मुंबईच्या मैदानांवर पोरांना शिकवणारे, एकेक परवाना मिळवत वर चढणारे प्रशिक्षक आहेत. त्यांना सहायकाच्या खुर्चीपर्यंत आणि तिथून मुख्य जागेपर्यंत नेणारा रस्ता क्लबने आखावा. परदेशी प्रशिक्षकाच्या करारातच आपल्यामागे एक भारतीय प्रशिक्षक तयार करण्याची जबाबदारी असावी. कारण बाहेरून आलेला समूह आपला माणूस हवा तेव्हा दुसरीकडे हलवू शकत होता आणि २०२५ मध्ये त्याने स्वतःही हात काढून घेतला. वीरा देसाई रस्त्यावरचं मैदान मात्र कुठे जाणार नाही, आणि त्या मैदानावर घडलेला प्रशिक्षकच क्लबची रीत पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेईल.