निरोगी जनावराचा डॉक्टर

वळू दूध देत नाही, पण त्याची पारख करायची ती दुधावरूनच. गाय आयुष्यात सात-आठ वेळा विणार. वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या मात्र हजारो गोठ्यांत पोचतात. वळू चुकला तर चूक तालुकाभर पसरते आणि ध्यानात येईपर्यंत कालवडी वेताला आलेल्या असतात. मग पारख करायची कशी? त्याच्या मुलींचे दूध मोजून. त्या जन्मायच्या, वाढायच्या, गाभण राहायच्या, व्यायच्या आणि पुढे दहा महिने त्यांचे दूध लिहून ठेवायचे. तोवर वळू सहा-सात वर्षांचा झालेला असतो. एवढ्यावरही भागत नाही. पंधरा लिटर देणारी मुलगी बारामतीत मुरघास खात होती की माणमध्ये वाळला कडबा चघळत होती, हिवाळ्यात व्याली की भर उन्हाळ्यात, मालक हौशी होता की हातघाईवर आलेला, या सगळ्याचा वाटा आकड्यांतून वजा करायचा. उरेल तेवढेच वळूचे.

हा हिशोब पशुवैद्यकाच्या पदवीत शिकवला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुलगा किंवा मुलगी 'व्हेटर्नरी'ला गेली म्हटले की घरच्यांच्या डोळ्यांपुढे येते ते इंजेक्शन. वास्तविक आपल्याकडची पदवी दुहेरी आहे. बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच., म्हणजे पशुवैद्यक आणि पशुसंवर्धन दोन्ही एकत्र. साडेचार वर्षे शिक्षण, त्यावर एक वर्ष आंतरवासिता, प्रवेश नीटच्या गुणांवर आणि नोंदणी १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली. राज्यात हे शिक्षण २००० साली नागपुरात स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाकडे आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ ही त्याची जुनी महाविद्यालये. शरीररचना, औषधे, शस्त्रक्रिया यांच्या जोडीला पशुपोषण, पैदास, गोठा-व्यवस्थापन, दूध-मांसाचे तंत्रज्ञान असे विषय असतात. या दुसऱ्या गटाला मी निरोगी जनावराचे शास्त्र म्हणतो. विद्यार्थी ते पास होण्यापुरते वाचतात आणि समाज त्याची दखलही घेत नाही. माझ्या मते खेड्यातला पैसा मात्र याच गटाने हलवला आहे.

सुईचा हा दबदबा काही उगीच आलेला नाही. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे, शेजारच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आधाराने वाढलेले. तीनच वर्षांनी, १८८९ मध्ये, पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली आणि १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ ते. त्या पिढीपुढचा शत्रू होता बुळकांडी. गावात शिरली की दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या. मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात शेळ्यांमधून विषाणू सौम्य करून लस तयार झाली, पुढे अधिक चांगल्या लशी आल्या आणि २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग. ज्या विद्येच्या नावावर असा विजय आहे तिला मान मिळणारच. फक्त बुळकांडी गेली तरी गाय पूर्वीइतकेच दूध देत राहिली, हेही खरे.

निरोगी जनावराचे शास्त्र काय करू शकते हे पाहायचे तर फलटणला जावे. बी. व्ही. निंबकरांनी १९६८ मध्ये तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. पुढे संस्थेने मेंढीकडे लक्ष वळवले. दख्खनी मेंढी काटक, पण एका वेताला बहुधा एकच कोकरू. मेंढपाळाचे उत्पन्न लोकरीवर राहिले नव्हते. ते कोकरे विकून येते. वाघुरीत मेंढ्या बसवून लेंडीखताचे धान्य किंवा पैसे मिळतात ते वेगळे. तेव्हा कोकरे वाढवायची तर मेंढ्या वाढवायला हव्यात, आणि मेंढ्या वाढवायला चराऊ रान कुठे आहे? असलेल्याच मेंढीला जुळे झाले तर?

अशी मेंढी बंगालमध्ये सुंदरबनात होती. गॅरोल तिचे नाव. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम बारा-चौदा किलोची, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी, आणि जुळी-तिळी देणारी. संस्थेतले पशुवैद्य डॉ. प्रदीप घळसासी आणि निंबकर यांनी १९९३ मध्ये तिच्यावर लेख लिहिला तेव्हा जगातल्या मेंढीतज्ज्ञांचे कान टवकारले, कारण तिचे एक कोडे ऑस्ट्रेलियात होते. न्यू साउथ वेल्समधल्या 'बुरूला' नावाच्या मळ्यावरच्या मेरिनो मेंढ्या अशाच भरमसाट कोकरे देत. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून जहाजाने तिकडे बंगाली मेंढ्या गेल्या होत्या. बुरूलाचा गुण त्यांच्याकडून आला असावा, असा कयास होता. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी या गुणामागचा जनुकीय बदल शोधला. एका जनुकातले एकच अक्षर बदललेले, नाव फेकबी. तोच बदल गॅरोलमध्येही सापडला.

फलटणच्या कामाची खरी मेहनत यानंतर कळते. गॅरोलचा जनुक हवा, पण गॅरोलचे बारा किलो नकोत. म्हणून दख्खनी आणि गॅरोल यांचा संकर करायचा, आलेली संतती पुन्हा दख्खनीशी लावायची, पुन्हा लावायची. दर पिढीत गॅरोलचे रक्त निम्मे होते आणि जनुकही निम्म्या कोकरांतूनच पुढे जातो. कोणत्या कोकरात तो आहे हे चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. नरात तर तो दिसण्याचा प्रश्नच नाही. पुन्हा वळूचेच गाऱ्हाणे. रक्ताची चाचणी हाती आल्यावर ही निवड झटपट होऊ लागली. या प्रकल्पात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातली विद्यापीठे भागीदार होती. चंदा निंबकरांनी न्यू इंग्लंड विद्यापीठातली पीएच. डी. याच विषयावर केली. (इरावती कर्व्यांची ही नात. माणसांच्या वंशावळी तपासणाऱ्या आजीच्या घरात मेंढ्यांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या.) या कामातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली.

शास्त्राइतकेच शहाणपण पुढच्या निर्णयात होते. जनुकाच्या दोन प्रती असल्या की मेंढीला तिळीसुद्धा होतात. ऐकायला छान वाटते. पण दख्खनच्या पठारावर रोज मैलोगणती चालणाऱ्या मेंढीला तीन कोकरांना पुरेल एवढे दूध येत नाही. कोकरे अशक्त निपजतात आणि मरतात. एक प्रत असली तर वेतामागे कोकरांची सरासरी एकावरून दीडच्या आसपास जाते आणि ती मेंढीला झेपते. म्हणून मेंढपाळाला दोन प्रतींचा नर द्यायचा, म्हणजे त्याच्या प्रत्येक मुलीत एक प्रत आपोआप येते. जास्तीत जास्त किती, यापेक्षा या वाड्याला, या माळावर किती पुरेल, हा प्रश्न विचारता येणे हेच या शिक्षणाचे सार आहे. या कथेत सुई कुठे आहे? रक्त काढण्यापुरती. बाकी सगळे वजनकाटा, कानातले बिल्ले आणि वह्या.

वह्या म्हटल्यावर सांख्यिकी आली, आणि तिथे मराठी माणसाचे नाव मोठे आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे यांचे शेतीसंशोधनाच्या सांख्यिकीवरचे पुस्तक १९५० च्या दशकातले. कृषी आणि पशुविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी 'पानसे-सुखात्मे' या जोडनावाने ते वापरले. प्राण्यांची आवड म्हणून या शाखेत आलेली मुले पुढे आकडेमोडीला बिचकतात. त्यांना कोणीतरी आधीच सांगायला हवे.

आता पोटापाण्याचे. सर्वांत ओळखीची वाट पशुधन विकास अधिकाऱ्याची. २०२५ मध्ये लोकसेवा आयोगाने या पदाच्या २,७९५ जागांची जाहिरात काढली, तेव्हा पुण्यातल्या अभ्यासिका भावी पशुवैद्यांनी भरल्या असणार. दवाखान्यातला दिवस कृत्रिम रेतन, लसीकरण, शवविच्छेदन आणि विम्याचे दाखले यांत जातो. २०२२ च्या लम्पीच्या साथीत याच यंत्रणेने राज्यातल्या जवळजवळ सगळ्या गोवंशाला शेळ्यांच्या देवीची लस टोचली. ते काम विसरू नये. पण गायी भरवण्याचे पुष्कळसे काम पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक आणि खासगी रेतनसेवकच करतात. सकाळी गाय माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची. उणे १९६ अंश द्रव नायट्रोजनमधून कांडी चिमट्याने उचलायची, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, डावा हात गुदमार्गातून आत घालून गर्भाशयाचे तोंड चाचपायचे. ते कोंबडीच्या गळ्यासारखे टणक लागते. कांडी त्याच्या पलीकडे नेमकी रिकामी करायची. दोन बोटांचा अंदाज चुकला की गाय उलटते. शेतकऱ्याचे एकवीस दिवस आणि तेवढ्या दिवसांचा खुराक वाया.

या घरपोच सेवेचा धडा महाराष्ट्राला बाएफ या संस्थेने घालून दिला. १९४६ मध्ये गांधीजी उरुळीकांचनला आले, निसर्गोपचार आश्रम सुरू झाला आणि तिथे मणिभाई देसाई राहिले ते कायमचे. गांधीजींनी स्वतः १९२७ मध्ये बंगळुरूच्या सरकारी दुग्धसंस्थेत जाऊन गोपालन शिकून घेतले होते. मणिभाईंनी १९६७ मध्ये बाएफ स्थापली आणि संकरित गाईची पैदास शेतकऱ्याच्या दारात नेली. संकरीकरणावर आज टीका होते, त्यातली काही रास्त आहे. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत मुलांची फी दुधाच्या दहा दिवसांच्या बिलातून गेली, हे टीकाकारांनीही लक्षात ठेवावे.

खासगीत सर्वांत जास्त काम कोंबडीने दिले. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला व्यंकटेश्वरा हॅचरीजचा उद्योग पुण्याचा. चाळीस ग्रॅमचे पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचे होते. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा खाद्याचा, म्हणून इथला राजा पोषणतज्ज्ञ. तो कोंबडीला क्वचितच हात लावतो. त्याच्या पडद्यावर मका, सोयापेंड, तांदळाचा कोंडा, मिथिओनिन, लायसिन यांचे त्या दिवसाचे भाव असतात, आणि सर्वांत स्वस्तात पुरे पडेल असे मिश्रण तो संगणकाकडून काढून घेतो. संगणकाला मक्यातली बुरशी दिसत नाही, ती याला ओळखावी लागते. एक किलो वजनाला लागणारे खाद्य फक्त पन्नास ग्रॅमने कमी झाले, तर दोन किलोच्या एक लाख पक्ष्यांमागे दहा टन खाद्य वाचते. असा माणूस कंपनी सोडून जाऊ नये म्हणून मालक काय काय करतात, हे त्या धंद्यातल्यांनाच विचारावे.

दूध संघ, पशुखाद्य कारखाने, लस-उत्पादन, बँकांमधले कृषी अधिकारी, लष्कराचे रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर, रेसचे घोडे या वाटा आहेतच. शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने जोरात चालतात. गोरेवाड्याला वन्यप्राण्यांचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना वाघाचाच डॉक्टर व्हायचे असते, आणि तशा जागा फार थोड्या. ज्यांना जनावरांत रस आहे पण रुग्णसेवेत नाही, त्यांच्यासाठी नेदरलँड्सच्या वागेनिंगनपासून कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसपर्यंत पशुविज्ञानाच्या स्वतंत्र पदव्या आहेत. आपल्याकडे त्याच्या जवळचा मार्ग म्हणजे कृषी पदवीनंतर पशुसंवर्धन व दुग्धशास्त्रात एम. एस्सी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या तिहेरी संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय दिली, ती याच परंपरेतली.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते 'गौ चिप' आणि 'महिष चिप' यांचे लोकार्पण झाले. वासराच्या रक्ताच्या थेंबावरून त्याची आनुवंशिक कुवत वर्तवायची ही सोय. सात वर्षे मुलींची वाट पाहण्याची गरज त्याने कमी होईल. पण चिपला आधी शिकवावे लागते, आणि शिकवायला खऱ्या गाई-म्हशींच्या दुधाचे मोजलेले आकडे लागतात. कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आता सर्वत्र दिसतो, पण बिल्ल्यामागची माहिती भरायला महिन्यातून एकदा पहाटे आणि संध्याकाळी गोठ्यात उभे राहून दूध मोजणारा माणूस हवा. तो बहुधा कंत्राटी असतो. पंढरपुरी म्हैस, देवणी, लाल कंधारी, डांगी यांच्या बाबतीत हे काम अजून पुष्कळ बाकी आहे.

खिल्लारचे तर काय मोजायचे इथपासून सुरुवात आहे. ती दुधाची गाय नव्हेच. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मोकळीक दिल्यापासून पुणे जिल्ह्यातल्या घाटांत पुन्हा सेकंद मोजले जात आहेत. त्या सेकंदांपुढे बैलाच्या आई-बापाचे बिल्ला क्रमांक कोणी लिहून घेतले, तर शिरवळच्या एखाद्या विद्यार्थिनीला पैदासशास्त्राच्या प्रबंधाची सामग्री एका हंगामात मिळेल. यात्रा कमिट्यांना फक्त एक रकाना वाढवावा लागेल.