तक्रारीत कंपनीचे नाव राहिले, तर?

बियाणे उगवले नाही म्हणून दुकानदाराविरुद्ध ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. मग पिशवी उलटून पाहिली, तर बी तयार करणाऱ्या कंपनीचे नाव घालायचेच राहिले! आता वकील गाठायचा का?

गरज नाही. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. सदाशिव पेठेत कार्यालय असलेली ही पंचायत ग्राहकाच्या कायद्यासाठी झटली. १९८६ साली तो कायदा झाला आणि आपली बाजू आपणच मांडायची सोय झाली. २०१९ च्या कायद्यातही ती आहे, शिवाय आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते.

मूळ कागदावर मात्र खाडाखोड नको. दुरुस्तीचा वेगळा अर्ज लिहा: कोणाचे नाव वाढवायचे, कोणता मजकूर बदलायचा, आधी का राहिला. एक प्रत दुकानदाराला द्या. परवानगी मिळाली, की सुधारलेली तक्रार दाखल करा. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. उशीर झाला, तर कंपनी नेमके त्यावरच बोट ठेवील.

‘बी तपासून का घेतले नाही?’ असेही ती विचारील. राष्ट्रीय बीज निगमच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले आहे, की पेरणीसाठी घेतलेल्या बियाण्याचा नमुना शेतकऱ्याने राखून ठेवावा, अशी अपेक्षा धरता येत नाही. पावती, कृषी खात्याच्या पाहणीचा पंचनामा आणि रिकामी पिशवी मात्र जपा. आपल्याकडे ती पिशवी हमखास गोठ्यात जाते!