प्राणवायूच्या खोट्या टंचाईचा रोग
मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वांत अधिक आढळतो, त्याच्या बहुसंख्य गाठींत तिसऱ्या गुणसूत्रावरील व्हीएचएल हे जनुक निकामी झालेले असते. आणि १९९३ साली हाती लागलेल्या या एका जनुकाने रोगाच्या स्वरूपावर फार मोलाचा प्रकाश टाकला. निरोगी पेशीत प्राणवायू पुरेसा असेतोवर 'हिफ' नामक प्रथिनांची विल्हेवाट लावण्याचा बंदोबस्त व्हीएचएल पाहते. ते नाहीसे झाले म्हणजे, प्राणवायूची वाण नसतानाही, हिफ-२ आल्फा साठत जाते, आणि अवर्षण नसता दुष्काळी कामांचा हुकूम सुटावा, तद्वत् रक्तवाहिन्या वाढविणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाची निर्मिती अहोरात्र चालू राहते. या नव्या वाहिन्यांनी गाठ पोसते, आणि रक्ताच्याच वाटेने तिच्या पेशी फुप्फुसांत व हाडांत जाऊन ठाण मांडतात. प्राणवायू-संवेदनेच्या या संशोधनाबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते सर्वथा उचितच होय. व्हीईजीएफचा मार्ग अडविणारे सुनिटिनिब हे औषध २००६ साली, तर खुद्द हिफ-२ आल्फालाच निष्प्रभ करणारे बेल्झुटिफान २०२१ साली अमेरिकेत मंजूर झाले. लघवीतून रक्त जाणे ही या रोगाची खूण असू शकते; म्हणून तसे झाल्यास, वेदना नसली तरी, वाचकांनी वैद्यकीय तपासणीस विलंब लावू नये.