खाडीला धनी किती?

ओहोटी लागली की ठाणे खाडीच्या चिखलातून पेन्सिलीएवढ्या हजारो मुळ्या वर डोकावताना दिसतात. तिवराची ही श्वसनमुळं. चिखलात प्राणवायू नाही, म्हणून झाड मुळ्या वर काढून श्वास घेतं. पान चाटून पाहिलं तर खारट लागतं. शोषलेलं मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतं.

तिवरासारख्या झाडांच्या म्हणजेच कांदळवनांच्या राखणीसाठी महाराष्ट्राच्या वनखात्याने 2012 मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. देशात असा विभाग पहिल्यांदा निघाला तो इथेच. सरकारला हे आपणहून सुचलं असं मात्र नाही. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये राज्यभरातल्या कांदळतोडीला मनाई केली, भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकाम बंद केलं आणि सरकारी जमिनीवरची कांदळवनं वन म्हणून जाहीर करायला सांगितलं. 2018 च्या अंतिम निकालात त्यावर शिक्कामोर्तब झालं. तोवर खाजण म्हणजे भराव टाकायची हक्काची जागा, असाच सगळीकडे समज होता.

कक्षाच्या हाती ठाणे खाडीत बरंच काही लागलं. 2015 मध्ये ऐरोली-भांडुप बाजूचं सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं अभयारण्य झालं, 2017 मध्ये ऐरोलीत जैवविविधता केंद्र उघडलं आणि 2022 मध्ये भोवतालच्या संवेदनशील क्षेत्रासह 6,521 हेक्टरांची खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातलं हे तिसरं स्थळ. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत इथे रोहित लाखाच्या घरात असतात. त्यांना पाहायला ऐरोलीहून होडी सुटते.

आता यातली गोम अशी की, रोहितांना इथे चरायला मिळतं त्यात शहराच्या सांडपाण्याचाही हात आहे. मैल्यातली पोषकद्रव्यं शेवाळाला मिळतात आणि शेवाळावर लहान रोहित पोसतात. तेच पाणी माशांना भोवतं. पाग टाकणाऱ्या कोळ्याला विचारलं तर निवट्या, बोयी, कोळंबी पूर्वीसारखी मिळत नाही, हेच तो सांगेल. पर्यटकाला गुलाबी थवा दिसतो, कोळ्याला रिकामं जाळं. खाडीच्या कारभाराचं यश मोजताना आपण पक्षी मोजतो. माशांची टोपली मात्र मोजायची राहून जाते.

कारण खाडीला धनी फार. झाडं वनखात्याची, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे, वाळू जिल्हाधिकाऱ्यांची, सांडपाणी महापालिकांचं, त्याच्या तपासण्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या. उल्हास खाडीच्या काठावर हे अधिकच उघड दिसतं. तिचा मुख्य प्रवाह वसईकडे जातो, एक अरुंद फाटा ठाण्याजवळ ठाणे खाडीला मिळतो. वर कल्याण आणि डोंबिवलीची रेतीबंदरं. पूर्वी डुबी मारणारे मजूर तळाशी जाऊन वाळू घमेल्यांनी वर काढत. पुढे सक्शन पंप आले आणि खाडीचा तळच उपसला जाऊ लागला. डोंबिवलीत मोठागाव, देवीचापाड्याच्या बाजूला तिवरं तोडून भराव टाकल्याच्या बातम्या येत राहतात. पंचनामा होतो, गुन्हा दाखल होतो. पण मेलेलं तिवर फिर्यादीने उगवत नाही.

मोठे प्रकल्प तर परवानगी घेऊनच येतात. बुलेट ट्रेन ठाणे खाडीच्या तळाखालून सात किलोमीटर बोगद्याने जाणार, म्हणजे रोहितांना धक्का नको. मुंबई, ठाणे, पालघर मिळून सुमारे 20 हजार कांदळझाडं तोडायला मात्र उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये संमती दिली.

कोळ्यांच्या वाट्याला काय आलं? पावसाळी मासेमारीबंदी, 1 जून ते 31 जुलै, यांत्रिक नौकांना. तिच्याबद्दल कुरकुर कमी, कारण विणीच्या काळात जाळं बाजूला ठेवून नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात जायचं ही रीत कोळीवाड्यांत जुनीच आहे. 2017 मध्ये राज्याने किनाऱ्यावरच्या गावांसाठी कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना आणली. खेकडेपालन, शिंपल्यांची लागवड, शोभेचे मासे, निसर्गपर्यटन अशा कामांत गटाला 90 टक्के आणि एकट्याला 75 टक्के अनुदान. राखण करणाऱ्याचंही पोट भरावं हा विचार चांगला. पण चिंबोरी जगते ती भरतीच्या पाण्यावर, आणि त्या पाण्यात काय सोडायचं हे ठरवण्याचा अधिकार ना कांदळवन कक्षाकडे आहे, ना चिंबोऱ्या पाळणाऱ्या गटाकडे.