पाण्याचा ताळेबंद

हवामानबदलामुळे अनेक भागांत थोड्या वेळात मुसळधार पाऊस पडतो व मध्ये दीर्घ खंड जातो. उतारावरून धावणारे पाणी सुपीक माती वाहून नेते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अवर्षणप्रवण गाव. १९९० च्या दशकात सरपंच पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांनी डोंगरउतारावर समतल चर खोदले व झाडे लावली. चरांमुळे पाण्याचा वेग मंदावतो, माती जागीच राहते आणि पाणी जमिनीत मुरते. परंतु अमर्याद उपशाने मुरलेले पाणीही संपते. म्हणून ग्रामसभा दरवर्षी उपलब्ध पाण्याचा हिशेब मांडते. पिण्याचे पाणी प्रथम राखून उरलेल्या पाण्यानुसार पिके ठरवली जातात. उसासारखी पिके व सिंचनासाठी विंधनविहिरी गावाने वर्ज्य मानल्या. पाणी अडवण्याइतकेच ते जपून वापरणेही आवश्यक असते.