वेळूतून उमटलेली स्तुती

फिलिपाइन्सचे लोक नावाने स्पॅनिश, चेहऱ्याने मलायी आणि शिक्षणाने अमेरिकन, असे वर्णन वारंवार केले जाते. ते खोटे नव्हे. परंतु त्यावरून या लोकांजवळ स्वतःचे काहीच नव्हते, सारे उसनवारीचे, असा जो समज होतो तो आम्हांस अन्यायाचा वाटतो.

१९८९ साली लगुना प्रांतात नदीपात्रातून एक ताम्रपट निघाला. आरंभी ‘स्वस्ति’ हा शब्द. पुढे तिथी, शके ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार. आपल्या पंचांगात आजही मोजतात तोच हा शक! म्हणजे इसवी सन ९००. स्पॅनिश गलबते दिसण्यापूर्वी सहाशे वर्षे. त्यात एका कुटुंबाला कर्जमुक्त केल्याचे नमूद आहे. तागालोग भाषेत आजही शिक्षकाला ‘गुरो’, चेहऱ्याला ‘मुखा’ व दरिद्र्याला ‘दुखा’ म्हणतात. सणावारी शिजणारे ‘पान्सित’ मात्र चिनी व्यापाऱ्यांची देणगी.

१५२१ साली मॅगेलनने सेबूच्या राणीला बाप्तिस्म्याच्या प्रसंगी बाळ येशूची मूर्ती दिली. काही दिवसांतच तो माक्तान बेटावर लापुलापूच्या लोकांशी लढताना मारला गेला. १५६५ साली लेगास्पीच्या माणसांना ती मूर्ती एका घरात सापडली. चव्वेचाळीस वर्षे तिला कोणा धर्मगुरूने नव्हे, त्या बेटवासीयांनीच जपले होते.

उपवासकाळात तेथे घरोघरी ‘पाबासा’ होतो. प्रभूच्या दुःखसहनाचे काव्य, ‘पास्योन’, आळीपाळीने अखंड गायिले जाते आणि यजमानीण गाणाऱ्यांना जेवू घालते. पहिले तागालोग पास्योन १७०४ साली प्रसिद्ध झाले. कर्ता गास्पार आकिनो दे बेलेन हा छापखान्यात काम करणारा तागालोग गृहस्थ. कथा शुभवर्तमानातली, परंतु भाषा व चाल आईच्या तोंडची. आमच्या वाचकांस येथे फादर स्टीफन्सांचे १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’ आठवेल. मराठी ओवीत रचलेले ते काव्यही गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी असेच म्हटले. फरक इतकाच की, आपले पुराण परदेशी मिशनऱ्याने रचले, त्यांचे पास्योन त्यांच्याच माणसाने.

ही सरमिसळ गोडीगुलाबीने झाली असे मात्र कोणी समजू नये. गलबते बांधण्यासाठी स्थानिकांना वेठीस धरले जाई. देशी धर्मगुरूंना धर्मग्रामांचा कारभार देण्यास स्पॅनिश संघीय नाखूष असत. त्याविरुद्ध बोलणारे फादर गोमेझ, बुर्गोस व झामोरा यांना बंडाचा आळ घेऊन १७ फेब्रुवारी १८७२ रोजी मनिलात देहदंड दिला गेला. त्यांची धर्मगुरूची वस्त्रे उतरविण्यास आर्चबिशपांनी नकार दिला, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवितो. होसे रिझाल यांनी १८९१ ची आपली कादंबरी या तिघांना अर्पण केली. १८९६ साली त्यांनाही गोळ्या घालण्यात आल्या.

आणि तरीही लास पिन्यास गावचा ऑर्गन पाहावा. फादर दिएगो सेरा यांनी १८२४ साली तो पूर्ण केला. वाद्य युरोपचे, पण १०३१ नळ्यांपैकी ९०२ वेळूच्या. कीड लागू नये म्हणून वेळू आधी वाळूत पुरून ठेवले होते. भूकंप व वादळे सोसून तो मोडकळीस आला, तेव्हा दुरुस्तीसाठी जर्मनीस गेला आणि १९७५ साली परत आला. त्या ख्रिस्तमंदिरात तो आजही वाजतो.